पाणी एकच, पण व्यासपीठ कोणाचे? बॅप्टिस्टांच्या चारशे वर्षांतून आपण काय घ्यायचे

"दलितांनी ख्रिस्ती होऊन काय मिळवले?" हा प्रश्न आपल्या अभ्यासवर्गांत आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर वारंवार येतो. त्याची उत्तरेही ठरलेली असतात. एक गट म्हणतो, मिशनऱ्यांनी शाळा दिली, दवाखाना दिला, माणूस म्हणून जवळ केले, आणखी काय हवे? दुसरा गट म्हणतो, मिशनरी हे इंग्रजांचे हस्तक, आणि चर्चमध्ये जाऊनही जात गेली नाहीच, तेव्हा विषय संपला. दोन्ही गट एक गोष्ट गृहीत धरतात. धर्म वरून कोणीतरी देतो आणि खालचा माणूस तो हात पसरून घेतो. घेणाऱ्याने पुढे त्या धर्माचे काय केले, हे कोणी विचारतच नाही.

आम्ही हा प्रश्न बॅप्टिस्ट या एकाच पंथाच्या इतिहासावर तपासून पाहणार आहोत. कारण सरळ आहे. या पंथात गुलाम विकत घेणारे मालक होते, आणि मालकांच्या मळ्यांवर बंड करणारे गुलामही होते. डॉ. मार्टिन ल्युथर किंग बॅप्टिस्ट होते, आणि त्यांना "जरा दमाने घ्या" म्हणणारे गोरे पाळकही बॅप्टिस्ट होते. आंध्रातला चामड्याचे काम करणारा मादिगा बॅप्टिस्ट झाला आणि नागालँडचा आओ, अंगामीही बॅप्टिस्ट झाला. बायबल एक, बाप्तिस्म्याचे पाणी एक. मग फरक कुठे पडला? आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. ज्यांच्या हातात व्यासपीठ आणि तिजोरी होती, त्यांच्या बाजूने तो धर्म बोलला. हे उत्तर आपल्या विहारांनाही लागू आहे, म्हणून हा लेख.

माणसाने स्वतः ठरवायचे

बॅप्टिस्ट पंथाची सुरुवात 1609 साली ॲमस्टरडॅममध्ये झाली. इंग्लंडच्या राजाने मान्य केलेल्या चर्चला कंटाळून जॉन स्मिथ आणि त्याचे सोबती हॉलंडला पळून गेले होते. त्या काळी मूल जन्मले की त्याला बाप्तिस्मा द्यायचा आणि ते राजाच्या चर्चचे सभासद झाले असे मानायचे, ही रीत होती. म्हणजे धर्म जन्माने मिळत असे. स्मिथच्या मंडळीने हे नाकारले. कळत्या वयात, स्वतः समजून, स्वतःच्या तोंडाने कबूल करून जो बाप्तिस्मा घेईल तोच खरा, असे त्यांनी ठरवले. जन्माने धर्म नाही. ही एक ओळ आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको. जन्माने जात चिकटवणाऱ्या व्यवस्थेत आपण वाढलो आहोत.

यातूनच बाकीची तत्त्वे निघाली. प्रत्येक मंडळी स्वतंत्र, तिच्यावर बिशप नाही, पोप नाही. पाळक कोण असावा हे मंडळीने ठरवायचे. आणि राजाचा माणसाच्या श्रद्धेवर काडीचाही अधिकार नाही. स्मिथचा सोबती थॉमस हेल्विस इंग्लंडला परतला आणि त्याने 1612 साली एक पुस्तक लिहून राजा जेम्सला सुनावले की राजा हा मर्त्य माणूस आहे, देव नाही, प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता चालत नाही. ख्रिस्ती असो, ज्यू असो, मुसलमान असो की पाखंडी, श्रद्धेसाठी कोणालाही शिक्षा देण्याचा हक्क राजाला नाही, असे त्याचे म्हणणे होते. बक्षीस म्हणून त्याला न्यूगेटच्या तुरुंगात टाकले गेले. पुढे भांडी दुरुस्त करून पोट भरणारा जॉन बनियन हा उपदेशक परवान्याशिवाय उपदेश करतो म्हणून बारा वर्षे बेडफोर्डच्या तुरुंगात राहिला. अमेरिकेत 1801 साली डॅनबरीच्या बॅप्टिस्टांनी राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना पत्र लिहून आपल्या धर्मस्वातंत्र्याची चिंता मांडली. त्या पत्राच्या उत्तरात जेफरसन यांनी धर्मसंस्था आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीची कल्पना लिहिली. सेक्युलर राज्याच्या चर्चेत आजही तिचा हवाला दिला जातो.

ही चारशे वर्षांपूर्वीची परदेशी गोष्ट वाटत असेल, तर जरा आजूबाजूला पाहा. एप्रिल 2024 मध्ये गुजरात सरकारने परिपत्रक काढले की बौद्ध हा स्वतंत्र धर्म आहे आणि हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जायचे तर 2003 च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागेल. उत्तर प्रदेशच्या 2021 च्या कायद्यात धर्मांतराआधी साठ दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. कायद्याचे नाव "स्वातंत्र्य" आणि आत परवानगीचा फॉर्म! 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला आलेल्या लाखो माणसांना कलेक्टर कचेरीसमोर रांग लावून "मी का बौद्ध होतो" याचा अर्ज भरावा लागला असता, अशी कल्पना करून पाहा. धर्मांतरविरोधी कायदे हा फक्त चर्चवाल्यांचा प्रश्न आहे, असे म्हणून कानाडोळा करणाऱ्या आपल्या मित्रांनी हे परिपत्रक एकदा वाचावे.

गुलामांनी ऐकलेले बायबल

विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्या याच पंथाची माणसे अमेरिकेत आणि वेस्ट इंडीजमध्ये पोचली, तेव्हा त्यांच्यासमोर गुलामगिरी उभी होती. आणि इथे पंथाची खरी परीक्षा झाली.

बॅप्टिस्ट मिशनचा इतिहास नेहमी गोऱ्या विल्यम केरीपासून सांगितला जातो. पण केरी भारतात येण्याच्या सुमारे दहा वर्षे आधी जॉर्ज लाइल हा गुलामगिरीतून मुक्त झालेला काळा उपदेशक अमेरिकेतून जमैकाला गेला आणि तिथल्या गुलामांच्या मंडळ्या उभ्या करू लागला. त्याच लाइलने जॉर्जियात ज्याला बाप्तिस्मा दिला तो अँड्र्यू ब्रायन हा गुलाम सव्हाना शहरात उपदेश करतो म्हणून चाबकाचे फटके खात राहिला, पण त्याने आपली मंडळी मोडू दिली नाही.

नंतर जमैकात इंग्लंडहून गोरे बॅप्टिस्ट मिशनरी आले. त्यांना वरून स्पष्ट सूचना होत्या की वसाहतीच्या राजकीय भानगडीत पडायचे नाही. त्यांनी गुलामांना वाचायला शिकवले, प्रार्थना शिकवली आणि आज्ञाधारक राहायला सांगितले. पण वाचणाऱ्याने काय वाचायचे, हे शिकवणाऱ्याच्या हातात राहत नाही. माँटेगो बे इथला सॅम शार्प हा गुलाम मंडळीत डीकन होता, म्हणजे मंडळीचा जबाबदार सेवक. त्याला वाचता येत होते. इंग्लंडमध्ये गुलामगिरीवर चाललेल्या वादाच्या बातम्या तो वर्तमानपत्रांतून वाचायचा आणि रात्रीच्या प्रार्थनासभा संपल्यावर निवडक लोकांना थांबवून घ्यायचा. एक माणूस दोन मालकांची चाकरी करू शकत नाही, हे वचन गोरे पाळक पापाविषयी सांगत. शार्पने ते मळ्याच्या मालकाविषयी आहे असे सांगितले. ठरले असे की 1831 च्या नाताळनंतर मजुरी मिळाल्याशिवाय कामावर जायचे नाही. म्हणजे संप. 27 डिसेंबरच्या रात्री केन्सिंग्टनच्या मळ्यावर आग पेटली आणि संपाचे बंड झाले. हजारो गुलाम त्यात उतरले. इतिहासात त्याला "बॅप्टिस्ट युद्ध" असेच नाव पडले.

गोऱ्यांचे सुमारे चौदा लोक मेले. बदल्यात शेकडो गुलामांना गोळ्या घातल्या गेल्या किंवा फासावर चढवले गेले. सॅम शार्पला 23 मे 1832 रोजी भर बाजारात फाशी दिली. चिडलेल्या मळेवाल्यांनी मिशनची प्रार्थनाघरे जाळली. तेव्हा कुठे गोऱ्या मिशनऱ्यांचे डोळे उघडले. विल्यम निब हा मिशनरी बंडाच्या दिवशीसुद्धा गुलामांना शांत राहायला सांगत होता. तोच नंतर इंग्लंडला गेला आणि गुलामगिरीविरुद्ध गावोगाव बोलू लागला, संसदेच्या समितीपुढे साक्ष देऊन आला. 1833 मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. क्रम लक्षात घ्या मित्रांनो. आधी गुलाम उठला, मग मिशनरी बोलला, मग संसद हलली. आपल्या पाठ्यपुस्तकांत हा क्रम नेहमी उलटा लावलेला असतो.

अमेरिकेत दुसरे टोक दिसते. उत्तरेकडच्या बॅप्टिस्टांनी गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून नेमायला नकार दिला, तेव्हा दक्षिणेकडच्यांनी 1845 मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे जमून वेगळी चूल मांडली. तीच सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन, आजही अमेरिकेतील सर्वात मोठी प्रोटेस्टंट संघटना, एक कोटी वीस लाखांहून अधिक सभासदांची. श्रद्धेच्या बाबतीत राजाची सत्ता नको म्हणणाऱ्यांच्या वारसांनी माणसावर माणसाची मालकी मात्र बायबलमधून सिद्ध करून दाखवली. गुलामगिरीत आपला वाटा होता हे कबूल करून काळ्या लोकांची माफी मागायला या संघटनेला 1995 साल उजाडले. दीडशे वर्षे! इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी 1873 सालीच "गुलामगिरी" हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील भल्या लोकांना अर्पण केले होते. आपला माणूस इतक्या दुरून बरोबर बाजू ओळखतो आणि त्याच देशातले देवभक्त ओळखत नाहीत, कारण त्यांचे पोट गुलामाच्या घामावर चालत होते.

माँटगोमेरी आणि नागपूर

गुलामगिरी गेल्यावर काळ्यांनी गोऱ्यांच्या चर्चच्या मागच्या बाकावर बसणे सोडले आणि स्वतःच्या मंडळ्या बांधल्या. 1895 मध्ये अटलांटात नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही काळ्यांची संघटना उभी राहिली. जिथे काळ्या माणसाला मत नव्हते, न्यायालयात दाद नव्हती, चांगली शाळा नव्हती, तिथे चर्च ही एकच जागा त्याच्या मालकीची होती. तिथला पाळक गोऱ्याच्या पगारावर नव्हता. तो मंडळीच्या वर्गणीवर जगत होता, म्हणून मंडळीच्या मनातले बोलू शकत होता.

याचा हिशेब माँटगोमेरीत लागला. डिसेंबर 1955 मध्ये रोझा पार्क्स यांना बसमधली जागा न सोडल्याबद्दल अटक झाली. जो ॲन रॉबिन्सन आणि त्यांच्या महिला संघटनेने रातोरात हजारो पत्रके काढली. 5 डिसेंबरला संध्याकाळी होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये सभा झाली आणि डेक्स्टर ॲव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्चचे सव्वीस वर्षांचे पाळक किंग पुढारी झाले. पुढे 381 दिवस काळ्या लोकांनी बसवर पाय ठेवला नाही.

आपल्याकडे या लढ्याची आठवण किंग यांच्या भाषणांसाठी निघते. आम्हाला त्यातली व्यवस्था जास्त महत्त्वाची वाटते. सुमारे तीनशे गाड्यांची फेरी लावली होती. कुठून माणसे उचलायची, कुठे सोडायची, याचे थांबे ठरलेले होते. मोठ्या गाड्या चर्चच्या नावावर घेतल्या. विमा कंपन्यांनी विमे रद्द केले तेव्हा लंडनहून विमा मिळवला. आठवड्यातून सभा व्हायची, रोज वेगळ्या मंडळीत नाणी जमा व्हायची. मोलकरणी पायी चालत कामावर जायच्या आणि संध्याकाळी सभेला यायच्या. दर रविवारी भेटणारी, एकमेकांना नावाने ओळखणारी, स्वतःच्या पैशाने चालणारी संस्था आधीच उभी होती, म्हणून एका आठवड्याच्या आत हे सुरू होऊ शकले.

आता तारखा जुळवा. माँटगोमेरीचा बहिष्कार 20 डिसेंबर 1956 ला संपला. त्याच वर्षी, तो बहिष्कार चालू असतानाच, 14 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि दिली. तिकडचे पीडित बसच्या बाकासाठी चालत होते, इकडचे पीडित हजारो वर्षांचा धर्म झटकून टाकत होते. 1959 मध्ये किंग भारतात आले तेव्हा त्रिवेंद्रमच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकाने मुलांना त्यांची ओळख अमेरिकेतले आपले अस्पृश्य बांधव अशी करून दिली. किंग आधी दचकले, मग विचार करून म्हणाले की होय, मी अस्पृश्यच आहे. हे त्यांनी नंतर आपल्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चमधल्या प्रवचनात स्वतः सांगितले आहे.

पण व्यासपीठ आपल्या माणसाच्या हातात असले की काम झाले, असेही नाही. नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनचे अध्यक्ष जोसेफ जॅक्सन हे काळेच होते. 1953 ते 1982 अशी एकोणतीस वर्षे त्यांनी खुर्ची सोडली नाही, आणि किंग यांच्या रस्त्यावरच्या लढ्याला त्यांचा विरोध होता. 1961 मध्ये वाद इतका टोकाला गेला की किंग यांच्या बाजूच्या लोकांनी प्रोग्रेसिव्ह नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही वेगळी संघटना काढली. किंग यांच्या खुनानंतर शिकागोत जॅक्सन यांच्या चर्चसमोरच्या रस्त्याला किंग यांचे नाव मिळाले, तेव्हा पत्त्यात ते नाव नको म्हणून जॅक्सन यांनी चर्चचा पत्ताच बाजूच्या रस्त्याचा करून घेतला. आपल्या चळवळीतल्या कायमच्या अध्यक्षांची आठवण झाली असेल, तर ती योग्यच आहे.

सेरामपूर, ओंगोल, कारमचेडू

आता भारताकडे येऊ. विल्यम केरी हा इंग्लंडमधला जोडे शिवणारा चांभार. उच्चभ्रू इंग्रज लेखकांनी त्याच्या या धंद्यावरून त्याची टर उडवली होती. तो 1793 मध्ये बंगालला आला, पण ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या राज्यात मिशनरी नको होते. म्हणून 1800 पासून त्याने डेन्मार्कच्या ताब्यातल्या सेरामपूरला बस्तान बसवले. म्हणजे "कंपनी आणि मिशन एकच" हे निदान या काळापुरते खरे नाही. मराठीशीही त्याचा संबंध आला. फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठी शिकवत असे आणि वैजनाथ शर्मा या पंडिताच्या मदतीने त्याने 1805 मध्ये मराठीचे व्याकरण व 1810 मध्ये मोडी लिपीतला कोश काढला. महाराष्ट्रात मात्र बॅप्टिस्ट फारसे रुजले नाहीत. इथे काम केले ते मुख्यतः अमेरिकन मराठी मिशनने आणि स्कॉटिश मिशनने.

सेरामपूरवाल्यांनी जातीबाबत एक कडक नियम केला. दक्षिणेत तरंगमबाडीच्या जुन्या मिशनमध्ये जातीप्रमाणे वेगळे बसणे खपवून घेतले जात होते. सेरामपूरला प्रभूभोजनाच्या वेळी सर्वांनी एकत्र बसून एकाच पेल्यातून प्यायचे, ही अट होती. पहिला बाप्तिस्मा घेणारा कृष्ण पाल सुतार होता. 1803 मध्ये त्याच्या मुलीचे लग्न ब्राह्मण कुळातून आलेल्या कृष्णप्रसादशी लागले. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी हे घडले, याची नोंद आपण घ्यायला हवी.

पण आपल्या दृष्टीने खरी मोठी घटना तेलुगू मुलखातली आहे. ओंगोल इथे 1866 पासून जॉन क्लाफ हा अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी काम करू लागला. त्याच्याकडे शाळेसाठी उच्चवर्णीय येत होते. तेवढ्यात येर्रागुंटला पेरय्या हा चामड्याचा व्यापार करणारा मादिगा आला आणि त्याने बाप्तिस्मा घेतला. पेरय्या आधीपासूनच आपल्या लोकांत गुरू म्हणून मानला जात होता. त्याच्या मागे मादिगा येऊ लागले, तसे उच्चवर्णीयांनी पाय काढला. मादिगांना घ्याल तर आम्ही येणार नाही, असा तो सौदा होता. क्लाफने मादिगांना निवडले. गावोगाव निरोप नेला तो पेरय्यासारख्या मादिगा उपदेशकांनी, नातेवाइकांच्या वाड्यांवरून पायी हिंडून. नव्या लोकांना अटी घातल्या: मेलेल्या जनावराचे मांस खायचे नाही, गावच्या देवाच्या जत्रेत डप्पू वाजवायचा नाही, रविवारी काम नाही. जमीनदार खवळले ते याच अटींवर. फुकटची वेठ बंद होणार हे त्यांना बरोबर कळले. 1927 ला महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, तेव्हा आपल्या गावांतही हेच झाले होते.

1876 ते 78 चा भयंकर दुष्काळ पडला. क्लाफने बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैलांच्या कामाचे कंत्राट घेतले आणि हजारो उपाशी माणसांना कामावर लावले. मादिगा उपदेशक तिथे मुकादम होते. लोक धान्यासाठी ख्रिस्ती होतात, हा आरोप होऊ नये म्हणून वर्षाहून अधिक काळ बाप्तिस्मे बंद ठेवले. मदतीचे काम संपल्यावर 3 जुलै 1878 रोजी गुंडलकम्मा नदीत एका दिवसात 2,222 माणसांनी बाप्तिस्मा घेतला. "तांदळासाठी बाटले" म्हणणाऱ्यांनी हा क्रमही नीट पाहावा.

मग पुढे काय झाले? शाळा आल्या, अक्षर आले, शिक्षक आणि नर्स तयार झाले. जमीन मात्र ज्यांची होती त्यांचीच राहिली, आणि चर्च मादिगापल्लीत म्हणजे गावकुसाबाहेरच राहिले. 17 जुलै 1985 रोजी त्याच प्रकाशम जिल्ह्यात कारमचेडू गावी कम्मा जमीनदारांनी मादिगा वस्तीवर हल्ला करून सहा जणांना ठार केले, स्त्रियांवर अत्याचार केले. ठिणगी पडली ती मादिगांच्या पिण्याच्या पाण्यावरून. ते पाणी घाण करण्याला वस्तीतल्या एका स्त्रीने हरकत घेतली, एवढाच गुन्हा. नदीत बाप्तिस्मा घेऊन शंभर वर्षे उलटली, तरी तळ्याच्या पाण्यावर हक्क नव्हता! त्या हत्याकांडानंतर लोक उभे राहिले ते दलित महासभेच्या झेंड्याखाली, बाबासाहेबांचे नाव घेऊन. चर्चने दिलेले अक्षर आणि बाबासाहेबांनी दिलेले भान, दोन्ही एकत्र आले तेव्हा लढा उभा राहिला.

ईशान्येकडचे चित्र वेगळे आहे. 2011 च्या जनगणनेनुसार नागालँडमध्ये सुमारे 88 टक्के लोक ख्रिस्ती आहेत आणि त्यांतले बहुसंख्य बॅप्टिस्ट. तिथे जातीची उतरंड नव्हती, जमीन जमातीकडे होती. म्हणून चर्च समाजाच्या मध्यभागी बसले. 1964 चा युद्धविराम घडवण्यात तिथल्या बॅप्टिस्ट चर्चचा पुढाकार होता. पण तिथेही चर्चच्या संघटना जमातीप्रमाणे वेगळ्या आहेत. धर्म ज्या समाजात जातो त्या समाजाचा साचा घेतो. तो साचा मोडायचे काम वेगळे करावे लागते.

बाबासाहेबांचा प्रश्न

बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर सविस्तर लिहिले आहे. मिशनच्या शाळा आणि दवाखान्यांचे श्रेय त्यांनी नाकारले नाही. पण त्यांनी विचारले की ख्रिस्ती समाज अन्यायाविरुद्ध संघटित होऊन का लढत नाही? शिक्षणाचा मोठा वाटा वरच्या जातींकडे का गेला? चर्चमध्ये जात का टिकली? जमैका आणि माँटगोमेरीचा इतिहास वाचल्यावर या प्रश्नाची धार आणखी कळते. तीच श्रद्धा तिथे लढली, इथे बहुतेक ठिकाणी मिशनच्या कंपाउंडमध्ये राहिली. तिथे मंडळी गुलामांनी स्वतः बांधली होती, इथे इमारत, पगार आणि निर्णय बराच काळ परदेशी सोसायटीच्या हातात होते.

यावर आपल्यातला कोणी म्हणेल, मग झाले तर, आपला मार्ग बरोबर होता, ख्रिस्ती दलितांचे त्यांनी पाहावे. आम्हाला हे मान्य नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. शिखांना तो 1956 मध्ये मिळाला, बौद्धांना 1990 मध्ये. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान अजून बाहेरच आहेत. त्यामुळे कारमचेडूसारखे गाव असेल, मारणारा जात पाहून मारेल, पण कागदावर ख्रिस्ती नोंद असलेल्याला ॲट्रॉसिटी कायदा लागू होणार नाही. म्हणून अनेक जण घरात बायबल आणि दाखल्यावर हिंदू असे जगतात. सरकारने माणसाला खोटे बोलायला लावणे, हे हेल्विसच्या काळात चुकीचे होते आणि आजही आहे. "आपला वाटा कमी होईल" ही भीती खरी आहे, पण त्यावर उत्तर वाटा वाढवून मागण्याचे आहे, भावाला दाराबाहेर ठेवण्याचे नाही. चौतीस वर्षे जो समाज स्वतः दाराबाहेर उभा होता, त्याने दार लावून घेणे शोभत नाही.

आपल्या विहारांचे काय?

आता स्वतःकडे वळू. जगात आज बॅप्टिस्ट जागतिक संघटनेशी जोडलेले सुमारे पाच कोटी सभासद आहेत, शंभराहून अधिक देशांत. संख्या मोठी आहे. पण संख्येने सॅम शार्प घडला नाही. रात्रीच्या सभेनंतर थांबून वर्तमानपत्र वाचणाऱ्या पाच-दहा माणसांतून तो घडला. आपण दर जनगणनेआधी "बौद्ध लिहा" अशी मोहीम काढतो, ती काढलीच पाहिजे. पण 1956 नंतर बांधलेल्या किती विहारांत आठवड्यातून एकदा तरी माणसे जमतात? किती विहार फक्त 14 एप्रिल, वैशाख पौर्णिमा आणि लग्नाच्या हॉलसाठी उघडतात? किती विहारांची जमाखर्चाची वही कोणालाही पाहता येते? किती समित्यांचा अध्यक्ष दर तीन वर्षांनी बदलतो? किती समित्यांत स्त्रिया हार घालण्यापलीकडे काही ठरवतात? सदर्न बॅप्टिस्टांनी 2000 साली लिहूनच टाकले की पाळक फक्त पुरुष होईल. आपण तसे लिहिलेले नाही, पण वागतो कसे?

आणखी एक अवघड प्रश्न. आपल्या विहारात मातंग, चर्मकार, भटक्या-विमुक्त समाजातला तरुण आला, तर त्याला तो आपला वाटतो का? की दारातच कळते की हे एका जातीचे आहे? सेरामपूरने एका पेल्यातून प्यायची अट घातली होती. आपल्याकडे बावीस प्रतिज्ञा आहेत, त्या पेल्यापेक्षा कितीतरी पुढच्या आहेत. पण प्रतिज्ञा घेणे आणि वधू-वर सूचक मेळाव्यात पोटजात विचारणे, दोन्ही एकाच सभागृहात चालते.

बाबासाहेबांनी दिलेला धम्म जमैकातल्या गुलामाच्या हातातल्या बायबलपेक्षा जास्त स्पष्ट आहे. त्यात आज्ञाधारक राहायला सांगणारे वचन नाही, ते उलटे करून वाचण्याची कसरत करावी लागत नाही. सॅम शार्पला जे मालकाच्या नजरेआड शोधावे लागले, ते आपल्याला उघड मिळाले आहे. म्हणून आपली जबाबदारी जास्त आहे. विहार दर रविवारी उघडा. वर्गणी थोडी असो, पण आपली असो, आणि तिचा हिशेब भिंतीवर लावा. वस्तीतल्या मुलीला सूत्रसंचालनाऐवजी अध्यक्षपद द्या. धम्मवर्ग संपल्यावर वर्तमानपत्र, कायदा आणि गावातल्या पाण्याचा, जमिनीचा, शिष्यवृत्तीचा प्रश्न घेऊन अर्धा तास थांबा. आणि धर्मांतरविरोधी कायद्याविरुद्धच्या मोर्च्यात शेजारच्या चर्चचा पास्टर असेल, तर त्याच्या शेजारी उभे राहा. त्याला तिथे कारमचेडूबद्दल विचारा आणि तुमच्या विहाराबद्दल त्याने विचारले तर खरे सांगा.

जय भीम.